चिंचेचं आम्ल आणि क्षयाची गोळी

आजचा विषय जरा आंबट आहे. चिंच, द्राक्षं, वाईनच्या पिंपाच्या तळाशी बसणारी खर, या सगळ्यांत एक आम्ल असतं. त्याचं नाव टार्टारिक आम्ल. आमटीत चिंचेचा कोळ घालताना आपण ज्या आंबटपणावर भिस्त ठेवतो तो बराचसा याचाच. १७६९ साली शील नावाच्या स्वीडिश औषधवाल्याने ते पहिल्यांदा शुद्ध काढलं. वाईनच्या पिंपातली खर घेतली, त्यात खडू घातला, कॅल्शियमचं क्षार खाली बसलं, त्यावर गंधकाम्ल टाकलं आणि आम्ल मोकळं झालं. ही रीत लक्षात ठेवा, शेवटाकडे परत लागणार आहे.

हे आम्ल आणि आज आपल्याकडे लाखो लोक घेत असलेली क्षयाची गोळी यांचं एक नातं आहे, आणि ते नातं १८४८ पासून सुरू होतं. मधे एक रंगहीन, अमोनियासारख्या वासाचं द्रव आहे. त्याचं नाव २-अमायनोब्युटॅनॉल. कुणीही त्याच्यावर लेख लिहीत नाही. औषधाचं नाव पेपरात येतं, पेशंटचा फोटो येतो, कंपनीच्या शेअरचा भाव येतो. औषध ज्याच्यापासून बनतं तो मधला माल मात्र निळ्या ड्रमात एमआयडीसीच्या कुठल्यातरी शेडमधे पडून असतो. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. युजरला स्क्रीन दिसते, मधली लायब्ररी कुणाला दिसत नाही. ती बिघडली की मग मात्र सगळे तिचं नाव शिकतात.

तर आधी पाश्चर.

लुई पाश्चर म्हटलं की आपल्याला पिसाळलेला कुत्रा आणि दूध आठवतं. पण १८४८ मधे हा २५ वर्षांचा पोरगा पॅरिसमधे स्फटिक बघत बसला होता. त्या वेळी एक कोडं होतं. वाईनमधलं टार्टारिक आम्ल पाण्यात विरघळवून त्यातून ध्रुवित प्रकाश सोडला की तो प्रकाश उजवीकडे वळतो. पण आल्सासमधल्या एका कारखान्यात असंच एक आम्ल निघालं होतं, घटक तेच, प्रमाण तेच, आणि प्रकाश मात्र अजिबात वळत नव्हता. १८४४ मधे मित्शरलिख या नामवंत जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जाहीर केलं होतं की दोघांच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिकसुद्धा अगदी सारखेच आहेत. पाश्चरने ते स्फटिक भिंगाखाली धरले. प्रत्येक स्फटिकाच्या कोपऱ्यावर एक छोटासा तिरका पैलू होता. काही स्फटिकांवर तो उजवीकडे, काहींवर डावीकडे. आरशातल्या प्रतिबिंबासारखे दोन गट. त्याने चिमट्याने एकेक उचलून दोन ढिगाऱ्या केल्या. एका ढिगाऱ्याचं द्रावण प्रकाश उजवीकडे वळवत होतं, दुसरीचं तेवढंच डावीकडे. दोन्ही समान मिसळले की शून्य. म्हणजे ते 'निष्क्रिय' आम्ल म्हणजे अर्धं उजवं आणि अर्धं डावं होतं. कोडं सुटलं.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे ज्याँ-बातिस्त बिओ. या माणसाने प्रकाश वळण्याच्या अभ्यासात आयुष्य घातलं होतं आणि तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. त्याने पाश्चरवर विश्वास ठेवला नाही. 'माझ्याकडे ये, माझ्यासमोर कर,' असा त्याचा बाणा. आम्ल त्याने स्वतः तपासलेलं दिलं, सोडा त्याने दिला, अमोनिया त्याने दिला. द्रावण त्याच्याच खोलीत सावकाश सुकायला ठेवलं. स्फटिक आल्यावर पाश्चरने वेचून डावे-उजवे वेगळे केले, पण द्रावण बनवणं आणि मोजणं बिओने स्वतःच्या हाताने केलं. आधी डावं तपासलं, कारण नवीन दावा त्याचाच होता. मोजमापाकडे नुसती नजर टाकताच म्हातारा हेलावला म्हणतात. कोड रिव्ह्यू असावा तर असा.

आता गंमत बघा. हे विशिष्ट क्षार २७-२८ अंशांच्या वर स्फटिकवलं तर डावं-उजवं वेगवेगळं होतच नाही, दोघं एकाच स्फटिकात जोडीने बसतात. पॅरिसची हवा गार म्हणून पाश्चरला ढीग करता आले. मे महिन्यात पुण्यात कुणी हा प्रयोग केला असता तर चिमटा घेऊन बसला असता आणि हाती काही आलं नसतं. शिवाय असे सुटे सुटे स्फटिक देणारे पदार्थ मुळातच थोडे असतात.

चिमटा काही कारखान्यात चालणार नाही हे उघड आहे. पण पाश्चरने १८५३ मधे दुसरी एक रीत काढली आणि ती अजून चालते. डावा आणि उजवा हात वजनाने, आकाराने, सगळ्याने सारखे. तराजूवर ठेवून फरक कळणार नाही. पण दोघांना एकेक उजव्या हाताचा हातमोजा दिला तर? एका हातात तो चपखल बसेल, दुसऱ्यात अंगठा भलतीकडे जाईल. आता 'उजवा हात-उजवा मोजा' आणि 'डावा हात-उजवा मोजा' या दोन जोड्या एकमेकांची प्रतिबिंबं उरत नाहीत. त्यांचे गुणधर्म वेगळे, विरघळणं वेगळं. पाश्चरने सिंकोनाच्या सालीतल्या अल्कलीपासून बनवलेले पदार्थ मोज्यासारखे वापरले. एक जोडी आधी स्फटिक होऊन खाली बसली, दुसरी द्रावणात राहिली. गाळून घेतलं, झालं काम. तिसरी रीतही त्यानेच दाखवली, एक बुरशी मिश्रणातलं फक्त उजवं टार्टारिक खाते आणि डावं सोडून देते. जिवंत पेशीला डावं-उजवं कळतं, याचा तो पहिला ढळढळीत पुरावा.

पुढचं भराभर सांगतो. १८७४ मधे फान्ट हॉफ आणि ल बेल यांनी वेगवेगळे सांगितलं की कार्बनचे चार हात चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे जातात. चारही हातांना वेगवेगळी माणसं धरली तर दोन प्रकारे धरता येतात. लॉर्ड केल्विनने १८९३ मधे अशा गोष्टींना ग्रीक 'हात' या शब्दावरून कायरल हे नाव दिलं. आणि नेमकं कुठलं रूप खरंच उजवं हे क्ष-किरणांनी पहिल्यांदा ठरलं ते १९५१ मधे, हॉलंडात बायफुटने केलं, आणि त्यासाठी वापरलेला पदार्थ परत टार्टारिक आम्लाचंच क्षार! या आम्लाने रसायनशास्त्राचा पिच्छाच पुरवला आहे.

आता क्षयाकडे. १८८२ मधे कॉखने जंतू दाखवला, पण औषध यायला ६० वर्षं लागली. १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आणि पास, १९५२ मधे आयसोनियाझिड. प्रत्येक औषधाची तीच रड, एकटं दिलं की जंतू काही महिन्यांत त्याला दाद देईनासा होतो. म्हणून दोन-तीन एकदम द्यायची. पास तर दिवसाला १० ग्रॅमच्या घरात घ्यावं लागे, पोट बिघडे, लोक सोडून देत. त्यामुळे सोबत द्यायला नवीन, घेता येण्याजोगी गोळी हवी होती.

न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर इथे लेडर्ले ही कंपनी त्या काळी हजारो रसायनं क्षय झालेल्या उंदरांवर तपासत होती. डोकं लढवून रेणू घडवायचे दिवस अजून यायचे होते. जे फडताळात आहे ते उंदराला द्या, असा खाक्या. एका साध्या डाय-अमाईनने उंदीर वाचले. मधे दोन कार्बनची साखळी, दोन टोकांना नायट्रोजन, आणि प्रत्येक नायट्रोजनवर एक फांदी. मग विल्किन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फांद्या बदलत बदलत शेकडो भावंडं बनवली. त्यातलं सर्वांत चांगलं निघालं ते दोन्ही बाजूंना अमायनोब्युटॅनॉल लावलेलं. नाव पण तसंच जोडून केलं: एथिलीन, अमायनो, ब्युटॅनॉल. एथाम्ब्युटॉल. १९६१ मधे त्यांनी ते छापलं आणि त्या लेखाच्या मथळ्यातच मुद्दा होता की या औषधाला डावं-उजवं कळतं.

तेही थोडंथोडकं नाही. एथाम्ब्युटॉलमधे दोन कायरल कार्बन आहेत, दोन्ही अमायनोब्युटॅनॉलकडून आलेले. त्यामुळे तीन रूपं शक्य होतात. दोन्ही बाजू 'एस', दोन्ही बाजू 'आर', किंवा एक अशी एक तशी, तिला मेसो म्हणतात. एस-एस जंतूला मारतं. मेसोची ताकद त्याच्या साधारण बाराव्या भागाची. आर-आर शेकडो पट दुबळं, म्हणजे जवळपास पिठाची गोळी.

इथपर्यंत ठीक आहे, फुकट गेलं तर गेलं, गोळी थोडी मोठी करू, असं कुणीही म्हणेल. पण या औषधाचा एक दुष्परिणाम आहे. ते डोळ्यांच्या नसेला इजा करतं. आधी लाल आणि हिरवा रंग नीट वेगळे दिसेनासे होतात, मग समोर बघताना मधोमध धुरकट डाग येतो. वेळेवर औषध थांबवलं तर बहुतेकांची दृष्टी परत येते. सगळ्यांची येत नाही. सुरुवातीच्या चाचण्यांत डावं-उजवं मिश्रण मोठ्या डोसमधे वापरलं गेलं आणि १९६२ मधेच डोळ्यांबद्दलचे अहवाल आले. आणि खरी मेख अशी, की जंतूला डावं-उजवं कळतं, पण डोळ्याच्या नसेला या बाबतीत ते कळत नाही. तिन्ही रूपांचा विषारीपणा साधारण सारखाच.

आता हिशोब करा. अमायनोब्युटॅनॉल निम्मं 'एस' निम्मं 'आर' असं वापरलं तर नाणं दोनदा उडवल्यासारखं होतं. पाव भाग एस-एस, पाव भाग आर-आर, अर्धा भाग मेसो. म्हणजे पेशंटला १ ग्रॅम कामाचं औषध पोचवायला जवळपास ४ ग्रॅम रसायन द्यावं लागेल आणि डोळ्यांना चारही ग्रॅमचा हिशोब चुकवावा लागेल. या औषधाच्या बाबतीत शुद्धता म्हणजे लेबलवरचा मोठेपणा नाही. तो सरळ सरळ दृष्टीचा प्रश्न आहे. शुद्ध एस-एस घेऊन, डोस खाली आणून, मग १९६७ मधे अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

लोक कायरल औषधांचं उदाहरण देताना नेहमी थॅलिडोमाईडचं देतात. एक रूप झोप आणतं, दुसरं बाळाचे हातपाय खुंटवतं, कंपनीने वेगळं केलं असतं तर अनर्थ टळला असता, अशी गोष्ट फॉरवर्डमधून फिरत असते. ती अर्धवट आहे. थॅलिडोमाईडची दोन्ही रूपं शरीरात गेल्यावर काही तासांतच एकमेकांत बदलतात. शुद्ध 'चांगलं' रूप गिळलं तरी आत मिश्रणच तयार होतं. १९५७ ते १९६१ मधल्या त्या अनर्थाचं कारण गर्भावर चाचण्या न करता औषध विकणं हे होतं. डावं-उजवं वेगळं केल्याने खरोखर फरक पडतो याचं उदाहरण हवं असेल तर एथाम्ब्युटॉल घ्या. तिथला कायरल कार्बन पक्का आहे, शरीरात उलटत नाही. पण त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही, म्हणून ते कुणाला माहीत नाही. असो.

सगळा भार मग त्या मधल्या मालावर येऊन पडतो. औषध तयार झाल्यावर तीन रूपं निवडत बसण्यापेक्षा आधी अमायनोब्युटॅनॉलच शुद्ध 'एस' करून घ्यायचं. इथे एक सुंदर गणित लपलेलं आहे. समजा आपलं अमायनोब्युटॅनॉल ९८ टक्के एस आहे आणि २ टक्के आर घुसलं आहे. दोन-दोन जोडले की एस-एस ९६.०४ टक्के, मेसो ३.९२ टक्के आणि आर-आर फक्त ०.०४ टक्के. चूक चुकीलाच भेटायची शक्यता वर्गाने कमी होते. त्यामुळे नको असलेलं आर-आर जवळजवळ नाहीसंच होतं, आणि मेसो हे प्रतिबिंब नसून वेगळाच पदार्थ असल्यामुळे साध्या स्फटिकीकरणाने बरंचसं काढता येतं. म्हणजे रेणूच्या सममितीतच एरर करेक्शन बसवलेलं आहे, आणि ते कुणी मुद्दाम डिझाईन केलेलं नाही.

हे द्रव आहे तरी कसं? रेणूभार ८९. पाण्याहून किंचित हलकं, पाण्यात कितीही मिसळतं. उकळायला १८० अंशांच्या आसपास जावं लागतं. बाटली उघडली की माशासारखा-अमोनियासारखा वास. शुद्ध 'एस' प्रकाशाला उजवीकडे वळवतं, 'आर' तेवढंच डावीकडे. आकडा साधारण १० अंश, म्हणजे फार मोठा नाही, त्यामुळे नळी स्वच्छ आणि तापमान स्थिर नसेल तर मोजणारा फसतो. हे मोजायचं यंत्र म्हणजे पोलारीमीटर. सोडियमच्या पिवळ्या दिव्याचं ते यंत्र आपल्याकडे बघायचं तर औषध कंपनीतच जावं लागतं असं नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही साखर कारखान्याच्या लॅबमधे उसाच्या रसाचं 'पोल' काढतात ते हेच. साखरही कायरलच. बिओचं यंत्र आणि आपल्या शुगर केमिस्टचं यंत्र एकाच घराण्यातलं.

हाताळायला हे द्रव वरवर साधं वाटतं. काडी लावली की भडकणारं नाही, वाफ पेटायला ते बरंच तापावं लागतं. म्हणून लोक निर्धास्त होतात. पण ते चांगलंच अल्कधर्मी आहे. कातडीवर पडलं तर आधी साबणासारखं बुळबुळीत लागतं (ती आपल्याच कातडीची चरबी असते) आणि आग नंतर होते. डोळ्यात गेलं तर बुब्बुळाला कायमची इजा होऊ शकते. अल्कली आम्लापेक्षा वाईट, कारण आम्लाने वरचा थर गोठतो तर अल्कली आत आत झिरपत जाते. ज्या औषधाच्या शुद्धतेने पेशंटचे डोळे वाचतात त्याचा कच्चा माल बनवताना कामगाराचे डोळे जातात, असं व्हायला नको. म्हणून गॉगल नुसता कपाळावर चढवलेला चालत नाही, चेहऱ्यावर ढाल, रबरी हातमोजे, आणि दहा पावलांवर डोळे धुवायचा नळ. उडालंच तर पंधरा मिनिटं तरी वाहत्या पाण्याने धुवायचं, मग दवाखाना. 'आधी दवाखान्यात पळूया' हा आपला स्वभाव इथे घातक ठरतो.

आणखी बारीकसारीक आहेच. तांब्या-पितळेच्या वस्तूंना अमाईन खातं, त्यामुळे पितळी व्हॉल्व्ह लावून जुगाड करायचा नाही. तीव्र आम्ल एकदम ओतलं तर मिश्रण उकळून अंगावर येईल एवढी उष्णता निघते. उघडं ठेवलं तर हवेतला कार्बन डायऑक्साईड आणि ओलावा शोषून घेतं आणि पुढच्या बॅचचं वजनाचं गणित चुकतं. म्हणून पिंप घट्ट बंद, वर नायट्रोजनचं पांघरूण, आणि आम्लांच्या नि ऑक्सिडायझरच्या शेजारी ठेवायचं नाही. एस आणि आर ही दोन पिंपं तर वासाने, रंगाने, वजनाने, उत्कलनबिंदूने कशानेच वेगळी ओळखता येत नाहीत. चुकून अदलाबदल झाली तर नेहमीच्या बहुतेक टेस्ट बिनधास्त पास होतील. फक्त पोलारीमीटर, आणि आताच्या काळात कायरल कॉलम, एवढेच दोघे ती चोरी पकडतात.

खरा धोका त्याच्याही एक पायरी मागे आहे. अमायनोब्युटॅनॉल बनतं कशापासून? १-नायट्रोप्रोपेनला फॉर्मल्डिहाईड जोडायचं, नायट्रोब्युटॅनॉल मिळतं. त्यावर निकेल उत्प्रेरक टाकून दाबाखाली हायड्रोजन सोडला की अमायनोब्युटॅनॉल. प्रत्येक शब्द सावध करणारा आहे. नायट्रोप्रोपेन अल्कलीसोबत जे क्षार बनवतं ते कोरडे झाले तर धक्क्याने फुटतात. नायट्रोब्युटॅनॉल फार तापवलं तर स्वतःच विघटन पावायला लागतं आणि मग थांबत नाही. फॉर्मल्डिहाईडने माणसाला कर्करोग होतो. राने निकेल नावाचा तो उत्प्रेरक ओला असेपर्यंत शहाणा, गाळणीवर वाळला की हवेत आपोआप पेटतो, आणि शेजारी हायड्रोजन!

नायट्रोप्रोपेन स्वस्तात मिळू लागलं ते पर्ड्यू विद्यापीठातल्या हेन्री हासच्या कामामुळे. १९३०च्या दशकात त्याने प्रोपेन वायू आणि नत्राम्ल यांची वाफेतच गाठ घालून नायट्रोमिथेन, नायट्रोएथेन आणि दोन नायट्रोप्रोपेन अशी चौकडी एकदम काढून दाखवली. १९४०च्या सुमारास कमर्शियल सॉल्व्हंट्स या कंपनीने त्याचा कारखाना काढला. गिऱ्हाईक शोधता शोधता त्यांनीच अमायनोब्युटॅनॉल बाजारात आणलं. क्षयाशी तेव्हा काही संबंध नव्हता. पण शुद्ध 'एस' रूपाला एक गिऱ्हाईक स्वित्झर्लंडमधे होतं. १९४०च्या दशकात सँडोझमधे स्टोल आणि हॉफमान यांनी ते लायसर्जिक आम्लाला जोडून मेथिलएर्गोमेट्रिन बनवलं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला देतात ते मेथर्जिन. हॉफमान म्हणजे एलएसडीवाला तोच. एका बाजूला बाळंतिणीचं इंजेक्शन, दुसरीकडे क्षयाची गोळी, मधे हेच द्रव.

नायट्रो-चौकडीने आपला स्वभाव अधूनमधून दाखवला. १९५८ मधे अमेरिकेत रेल्वेच्या टाक्यांतलं नायट्रोमिथेन फुटलं. तोपर्यंत ते साधं सॉल्व्हंट समजून टाकीबंद नेलं जात होतं. आणि १ मे १९९१ रोजी लुइझियाना राज्यातल्या स्टर्लिंग्टन इथे अँगस केमिकलच्या नायट्रोपॅराफिन कारखान्यात स्फोट झाला. आठ कामगार गेले, शंभरावर जखमी झाले, गावातली घरं मोडली. १ मे, कामगार दिन. क्षयाच्या गोळीच्या पाकिटावर हे कुठे लिहिलेलं नसतं.

शेवटची पायरीही सोवळी नाही. एस-अमायनोब्युटॅनॉलचे दोन रेणू एथिलीन डायक्लोराईडने जोडतात. ते ८३-८४ अंशांना उकळतं, खोलीच्या तापमानाला त्याची वाफ पेट घेते, हवेहून जड असल्याने जमिनीवरून सरपटत दूरच्या ठिणगीपर्यंत जाते, आणि माणसाला कर्करोग करू शकणाऱ्या यादीत आहे. गंमत म्हणजे या विक्रियेत अमायनोब्युटॅनॉल गरजेपेक्षा बरंच जास्त घालतात. निघणारं हायड्रोक्लोरिक आम्ल तेच शोषून घेतं. उरलेलं नंतर अल्कली घालून, ऊर्ध्वपातन करून परत मिळवतात, कारण एवढं महाग 'एस' कोण फेकून देणार? गोळीत मोकळं अमायनोब्युटॅनॉल किती राहिलं याची फार्माकोपियात वेगळी चाचणी असते.

आणि आता चिंच. मिश्रणातून 'एस' वेगळं काढायचं कसं? पाश्चरची १८५३ची रीत. फक्त उलटी. त्याने कायरल अल्कली वापरून टार्टारिक आम्लाचं डावं-उजवं केलं होतं. इथे कायरल टार्टारिक आम्ल वापरून अल्कलीचं डावं-उजवं करतात. नैसर्गिक, उजवं टार्टारिक आम्ल मिथेनॉलसारख्या अल्कोहोलमधे अमायनोब्युटॅनॉलच्या मिश्रणात घालायचं, सावकाश गार करायचं. 'एस'चं टार्ट्रेट स्फटिक होऊन बसतं, 'आर'चं द्रावणात राहतं. घाई केली, फार गार केलं, तर 'आर'ही त्यात अडकतं. मग स्फटिक गाळून त्यांत चुना घातला की कॅल्शियम टार्ट्रेट खाली बसतं, अमायनोब्युटॅनॉल मोकळं होतं. त्या कॅल्शियम टार्ट्रेटवर गंधकाम्ल टाकलं की टार्टारिक आम्ल पुढच्या बॅचला तयार. वर सांगितलेली शीलची रीत ती हीच. १७६९, १८५३ आणि १९६१ एकाच भांड्यात.

उरलेल्या 'आर'चं काय करायचं ही डोकेदुखी असते, निम्मा माल आहे तो. त्याला तापवून पुन्हा मिश्र करून परत घाण्यात घालायच्या रीती आहेत. थोडं दुसऱ्या रेणूंचा कच्चा माल म्हणून जातं. उत्प्रेरकच कायरल वापरून नुसतं हवं ते रूप बनवायची विद्या नंतर आली. नोल्सने मोन्सँटोत पार्किन्सनच्या एल-डोपासाठी ती कारखान्यात आणली आणि २००१चं नोबेल त्याला, नोयोरी आणि शार्पलेस यांना मिळालं. तोवर स्वस्त आंबट आम्लानेच जग चाललं होतं.

आपल्याकडे १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट मिळेनासं झालं, फक्त बनवायच्या रीतीवर मिळे. त्यामुळे क्षयाची औषधं इथेच बनवायला मोकळीक झाली. १९६८ मधे देशबंधू गुप्तांनी मुंबईत सुरू केलेली लुपिन याच औषधांवर मोठी झाली. रेणू सगळ्यांना माहीत होता, खरी कसोटी डावं-उजवं स्वस्तात वेगळं करण्याची होती. भोपाळनंतर १९८७ मधे कारखाना कायदा बदलला, १९८९ मधे धोकादायक रसायनांचे नियम आले. काय साठवलंय आणि त्याने काय होऊ शकतं हे कामगाराला आणि आसपासच्या वस्तीला सांगणं मालकाला बंधनकारक झालं. कागदावर तरी. ड्रमवरचं लेबल इंग्रजीत आणि ड्रम ढकलणारा मराठी किंवा ओडिया वाचणारा, हे चित्र अजून पुसलेलं नाही.

औषध जंतूचं नेमकं काय करतं याचं चित्र मात्र फार उशिरा स्पष्ट झालं. क्षयाच्या जंतूची भिंत अरॅबिनोज नावाच्या साखरेच्या साखळ्यांनी विणलेली असते, आणि ती विणणारी एम्ब नावाची एन्झाईम्स एथाम्ब्युटॉल बंद पाडतं. २०२० मधे त्या एन्झाईमच्या खोबणीत बसलेलं औषध शास्त्रज्ञांनी अणूंच्या पातळीवर पाहिलं. साखरही एका हाताची, खोबणही एका हाताची, त्यामुळे औषधही त्याच हाताचं लागतं.

आज सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या चार औषधांच्या एका गोळीत २७५ मिलिग्रॅम एथाम्ब्युटॉल असतं. ५५ किलोच्या माणसाला अशा रोज ४ गोळ्या, म्हणजे ११०० मिलिग्रॅम, किलोमागे २०. पूर्वी आठवड्यातून तीनदा औषध घ्यायच्या पद्धतीत नव्या पेशंटला ते पहिले दोनच महिने असे. २०१७ पासून देशभर रोजच्या गोळ्या सुरू झाल्या आणि एथाम्ब्युटॉल पूर्ण सहा महिने चालू ठेवायला लागले. कारण आयसोनियाझिडला दाद न देणारे जंतू आपल्याकडे बरेच आहेत. त्यामुळे डोळ्यांची तपासणी पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाची झाली आहे, खास करून मूत्रपिंड कमजोर असलेल्यांची, कारण औषध बाहेर पडतं ते मुख्यतः लघवीवाटे. तपासणी अवघड नाही. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता आणि रंगीत ठिपक्यांमधे लपलेले आकडे असलेलं इशिहाराचं पुस्तक, प्रत्येक डोळा वेगळा झाकून. तुमच्या घरात कुणी ही गोळी घेत असेल आणि त्याला पेपर धूसर दिसायला लागला किंवा सिग्नलचा लाल-हिरवा नीट कळेना, तर चष्म्याच्या दुकानात नेऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.